घाण आवाज

"ह्याच्यात सगळ्यात घाण आवाज कोणता आहे?"

मिलिंद साळवेनं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. गणेशोत्सव चालू होता. बडा गणपतीजवळच्या आमच्या मोहल्ल्याचा ऑर्केस्ट्रा नुकताच संपला होता, आणि मंडपामागं बसून मी की-बोर्डच्या वायरी गुंडाळत होते. तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. मामानं दुबईहून आणलेला की-बोर्ड अख्ख्या मोहल्ल्यात एकट्या माझ्याकडं, त्यामुळं जरा हवेतच असायचे. समोर एक काटकुळा मुलगा उभा. केस मानेवर आलेले, काळा टी-शर्ट धुऊन धुऊन तपकिरी झालेला, आणि पँटच्या खिशातून टेस्टरचं लाल टोक बाहेर आलेलं.

"सगळे चांगलेच आहेत," मी म्हटलं.

"चांगले नकोत मला."

हे तो इतक्या हळू बोलला, की मला वाकून ऐकावं लागलं. त्या की-बोर्डवर हेलिकॉप्टरच्या आवाजाचं एक बटण होतं. ते कुणी कधी वापरत नसे. मी थट्टेनं ते दाबून दाखवलं. त्यानं माझ्या परवानगीची वाट न बघता सगळ्यात डावीकडची पट्टी दाबली आणि दाबूनच धरली. स्पीकर अजून चालू होते. सगळा मंडप घरघरायला लागला आणि मंडळाचे अध्यक्ष धावत आले, "अरे क्या जल गया, क्या जल गया?" मिलिंदनं बोट उचललं नाही. मान तिरकी करून तो ऐकत राहिला.

"हा," तो म्हणाला. "आमचा बँड आहे. येशील?"

इंदूरमध्ये तेव्हा बँड म्हणजे लग्नातला बँड. मी विचारलं, "शादीचा?"

"मयताचा म्हण," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला.

मी गेले. घरी सांगितलं, कॉलेजच्या गॅदरिंगची प्रॅक्टिस आहे.

बँडमध्ये तिघं होते. मिलिंद गिटार वाजवायचा. नितीन गायचा, म्हणजे घसा खरवडून ओरडायचा. तो पोस्टातल्या एका कारकुनाचा मुलगा, एरवी अतिशय सभ्य. आणि ड्रमवर बंटी. बंटीच्या घरी कापडाची दुकानं होती आणि त्याच्या काकांचं रुईचं एक गोदाम परदेशीपुऱ्याकडं होतं. दुपारी ते रिकामं असे. चहूबाजूंनी रुईच्या गासड्या, त्यामुळं कितीही बडवलं तरी आवाज बाहेर जायचा नाही. कॅसेट भरून देणाऱ्या एका दुकानातून त्यांनी परदेशी मेटलच्या कॅसेटी मिळवल्या होत्या आणि त्या ऐकून ऐकून ते गाणी बसवत. पहिल्या दिवशी मला वाटलं, शेजारी भांडण लागलंय. आठवड्याभरानं त्याच आवाजात मला सूर सापडायला लागले. त्या हिवाळ्यात इंजिनिअरिंग कॉलेजच्या स्पर्धेत आम्ही पहिले आलो. बंटीला पोरांनी खांद्यावर उचललं. तो भर थंडीत घामानं निथळत होता आणि ओरडत होता, "भिया, अपन तो छा गए!" मिलिंद स्टेजच्या कडेला बसून वायरी गुंडाळत होता. कार्यक्रम कसाही होवो, वायरी तोच गुंडाळायचा, आणि दुसऱ्या कुणी गुंडाळल्या तर सोडून परत गुंडाळायचा.

त्यानं आय.टी.आय. केलं होतं आणि रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात तो कामाला होता. त्याची एक सवय आधी विचित्र वाटायची. कुठलंही मशीन दिसलं, पाण्याची मोटर म्हणा, उसाच्या रसाची चरकी म्हणा, की तो खिशातला लांब स्क्रू-ड्रायव्हर काढायचा, त्याचं टोक मशीनवर टेकवायचा आणि दांडा कानामागच्या हाडाला लावायचा. डोळे मिटून ऐकायचा. मिलमधले फिटर असंच बेअरिंग तपासतात, हे त्याला वडिलांनी लहानपणी शिकवलं होतं. एकदा राजवाड्याजवळ आम्ही पोहे खात उभे होतो, तर हा रस्त्यापलीकडच्या ट्रान्सफॉर्मरच्या खांबाला कान लावायला निघाला. बंटीनं कॉलर धरून मागं ओढला. "मरेगा क्या?" मिलिंद म्हणाला, "लांबूनच ऐकत होतो रे. त्याला खालचा सा आहे."

एका रविवारी तो आमच्या घरी आला. माझ्या की-बोर्डच्या दोन पट्ट्या अडकत होत्या, त्या दुरुस्त करायला. त्यानं बैठकीत वर्तमानपत्र पसरलं, की-बोर्ड उलटा केला आणि पाठ उघडली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"साळवे म्हणजे कुठले तुम्ही?" तिनं विचारलं.

"महूचे, काकू. आजोबा पलटणीत होते. पलटणीच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचे."

"अच्छा," आई म्हणाली.

चहा आला. मला आणि बाबांना कपबशी, त्याला स्टीलचा पेला. मला ते दिसलं. त्याला तर दिसलंच. त्यानं चहा प्यायला, पेला स्वतः मोरीवर नेऊन विसळला, आणि परत येताना स्क्रू-ड्रायव्हरनं त्याच्या काठावर हलकेच टोला दिला. पेला बराच वेळ वाजत राहिला.

"काकू, ह्याचा आवाज कपापेक्षा चांगला आहे," तो म्हणाला.

आई गोंधळून हसली. मी खाली बघत बसले. त्या दिवशी मी काही बोलायला हवं होतं. पुढं पुष्कळ दिवस ठरवत राहिले आणि बोलले नाही. त्यानंही तो विषय कधी काढला नाही.

पट्ट्या दुरुस्त झाल्या, तरी त्यानं पाठ बंद केली नाही. बोट जिभेला लावून ओलं केलं आणि आतल्या सर्किटच्या हिरव्या पाटीवर ठेवलं. की-बोर्ड किंचाळला. मी पण किंचाळले. त्यानं बोट सरकवलं, तसा तो आवाज खाली खाली उतरत गेला, तुटला, आणि मग आतल्या नाचाच्या ठेक्याचे तुकडे एखादा माणूस अडखळत जिना उतरावा तसे बाहेर पडायला लागले. बाबा पेपर टाकून उठले. मिलिंद माझ्याकडं बघत होता. "अजून घाण करू?" हे विचारताना त्याचा चेहरा इतका आनंदी होता, की दुबईच्या मालाची काळजी विसरून मी मान हलवली.

पुढं "अजून घाण" हा आमच्यातला परवलीचा शब्द झाला. मी काही गोड वाजवलं की तो तेवढंच म्हणायचा.

त्याच सुमारास त्याच्या वडिलांची मिल बंद झाली.

एकेक मिल बंद पडायला आधीच लागली होती, त्यामुळं बाकी गावाला त्याचं फार काही वाटलं नाही. गावात दुसऱ्याच गोष्टींची गडबड होती. पलासियाला काचेची तोंडं असलेली दुकानं निघत होती, गच्च्यांवर डिश लागत होत्या, कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या रोज नव्या दिसत होत्या. नवीन धोरण आलंय, आता सगळं खुलं होणार, असं आमचे बाबा जेवताना सांगायचे. परदेशीपुऱ्याकडं मिलच्या फाटकावर एक नोटीस लागली आणि सकाळचा भोंगा वाजायचा थांबला, एवढंच.

मिलिंदच्या वडिलांचं नाव काशिनाथ. सगळे त्यांना दादा म्हणत. ते विणाईखात्यात मागावर, मिलच्या भाषेत साच्यावर, होते आणि मागांच्या खडखडाटानं त्यांचे कान गेले होते. त्या खात्यातले सगळेच थोडेफार बहिरे. ते ओठांवरून आणि हातांच्या खुणांवरून बोलायचे. घरात दादांशी बोलायचं तर ओरडून, म्हणून घरातले सगळे ओरडायचे, आणि घराबाहेर पडला की मिलिंद कुजबुजायचा. नोटीस लागल्यावर दादा रोज धुतलेला शर्ट घालून फाटकासमोरच्या ताडपत्रीखाली धरण्याला जाऊन बसत. जेवणाचा डबा नेत. पाळी सुटायच्या वेळेला परत येत. आधी तिथं पाचशे माणसं बसायची. होळीनंतर वीस-पंचवीस उरली.

एकदा दादा त्याला बोलवायला गोदामात आले. मिलिंदनं तेव्हा भंगारातल्या रेडिओचे भाग जोडून एक खोकं बनवलं होतं. त्याच्यावर नुसत्या दोन चकत्या होत्या. एक फिरवली की आवाज वर-खाली जायचा, दुसरी फिरवली की थरथरायचा. ते खोकं मोठ्या स्पीकरला लावलं होतं आणि त्यातून इतका खालचा आवाज निघत होता, की ऐकू येण्याआधी तो पोटात जाणवायचा. दादा दारातून आत आले आणि थांबले. सावकाश स्पीकरजवळ गेले. त्याच्या लाकडी पेटीवर त्यांनी तळहात ठेवला आणि डोळे मिटले. आम्ही कुणी हललो नाही. कितीतरी वेळ ते तसेच उभे होते. मग हात काढला, मिलिंदच्या पाठीवर ठेवला आणि मोठ्यांदा म्हणाले, "चल, आई वाट बघतेय."

दुसऱ्या दिवशी मिलिंद माझ्या आधी गोदामात येऊन बसला होता. "वैजू, काल दादांनी ऐकलं," तो म्हणाला. "बारा वर्षांचा असल्यापासून गिटार वाजवतोय. त्यांनी आज पहिल्यांदा, म्हणजे काल…"

त्या दिवसानंतर त्यानं गिटार हातात घेतली ती फक्त आतल्या वायरी काढून घ्यायला.

बदल हळूहळू झाला असता, तर कदाचित निभावला असता. मिलिंदला हळू काही जमत नसे. पंधरा दिवसांत आमची सगळी गाणी गेली. चाली गेल्या, शब्द गेले. राहिली ती त्याच्या खोक्याची घरघर, टेपवर उतरवलेले आवाज, आणि माझ्या की-बोर्डच्या फोडलेल्या किंकाळ्या. तो दुपारभर मिलच्या मागच्या भिंतीपाशी टेपरेकॉर्डर घेऊन बसे. आतली यंत्रं भंगारवाले तोडायला लागले होते. घणाचे घाव, बीडाचे तुकडे पडल्याचे आवाज, वाफेच्या रिकाम्या नळांतून वाहणारा वारा. एका चौकीदारानं, जो आधी दादांच्याच खात्यात होता, त्याला एकदा आतही सोडलं. ह्या टेपा तो अर्ध्या वेगानं लावायचा. नितीनला म्हणाला, शब्द नकोत, नुसता श्वास दे. नितीननं चार दिवस श्वास दिला आणि पाचव्या दिवशी सांगून टाकलं, की त्याला पुण्याला कॉम्प्युटरच्या कोर्सला प्रवेश मिळालाय. तो नीट हात मिळवून गेला.

बंटीचं तसं झालं नाही. मिलिंदला ड्रम नको होते. माणूस वाजवतो तेव्हा ठेका श्वासाबरोबर कमी-जास्त होतो, आणि त्याला न हलणारा ठेका हवा होता. तो त्यानं माझ्या की-बोर्डमधून काढला. आतला तयार ठेका लावला, वेग अगदी कमी केला, आणि त्यातून मिलमधल्या यंत्रांच्या पट्ट्यांसारखी धप-धप निघाली. बंटी एका दुपारी आला, तर त्याचे ड्रम गासड्यांवर रचून ठेवलेले आणि मधे माझा की-बोर्ड आपोआप वाजत होता.

"ये क्या है?" तो म्हणाला.

"ऐकून तर बघ," मिलिंद म्हणाला.

बंटीनं ऐकलं. पुरं ऐकलं. मग अगदी शांतपणे म्हणाला, "मतलब मशीन आ गई, आदमी की छुट्टी. भिया, तेरे बाप के साथ यही हुआ ना? तू तो मिलवालों से भी आगे निकल गया. उन्होंने नोटिस तो लगाई थी."

मिलिंद उठून पुढं आला. "बंटी, तसं नाही रे. तू दुसरं काहीतरी—"

"दूसरा क्या? वायर पकडूँ?"

बंटीनं टेम्पो बोलावून ड्रम नेले. गोदामाची किल्ली मात्र त्यानं मागितली नाही, शेवटपर्यंत. रस्त्यात भेटला तर तो माझ्याशी बोलायचा, मिलिंदचं नाव काढायचा नाही. मी त्या दिवशी की-बोर्डसमोरच उभी होते. बंद करायचं बटण माझ्या बोटाखाली होतं. ठेका बंटी जाईपर्यंत चालू राहिला.

उरलो आम्ही दोघं. मिलिंदनं बँडचं आधीचं इंग्रजी नाव टाकलं आणि नवं ठेवलं, तिसरी पाळी, म्हणजे मिलमधली रात्रीची.

त्याच उन्हाळ्यात पलासियाजवळच्या एका हॉलमध्ये रॉक बँडांचा कार्यक्रम ठरला. एका नव्या शीतपेयाच्या कंपनीनं तो भरवला होता. दारातच लाल-निळे फुगे, मोफत पेल्यांचं टेबल, मुंबईहून आलेला निवेदक. मागच्या बक्षिसामुळं आम्हाला बोलावणं होतं. तिथं जो पहिला येईल त्याला मुंबईला नेणार होते. मिलिंदला ह्या सगळ्याशी काही घेणं नव्हतं. त्यानं हॉलमधल्या मोठ्या स्पीकरांची चौकशी केली होती आणि दादांसाठी पहिल्या रांगेतली, अगदी स्पीकरच्या पायाशी असलेली खुर्ची मागून घेतली होती.

दादा आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायांत बूट. आजूबाजूला कॉलेजची पोरं, जीन्स, शिट्ट्या. ते गुडघ्यांवर हात ठेवून शाळेतल्या मुलासारखे ताठ बसले होते.

आम्ही सुरुवात केली. पहिली दोन मिनिटं लोकांना वाटलं, माइक तपासताहेत. मग धप-धप सुरू झाली, तिच्यावर घणाचे घाव, तिच्याखाली मिलिंदचं खोकं. फळ्यांचं स्टेज थरथरायला लागलं. माझ्या दातांतून तो आवाज जात होता. पाचव्या मिनिटाला हूटिंग सुरू झालं. "बंद करो!" "गाना बजाओ गाना!" कागदाचे पेले येऊन पडायला लागले. निवेदक पडद्याआडून हातानं गळा कापल्याची खूण करत होता. मिलिंद कुणाकडं बघत नव्हता. तो फक्त पहिल्या रांगेकडं बघत होता.

दादा उठले. कुणाला धक्का न लावता, वाकून, माफी मागितल्यासारखे रांगेतून बाहेर पडले आणि दाराकडं गेले.

मिलिंदनं ते पाहिलं. मला वाटलं, आता थांबेल. तो थांबला नाही. ठरलेलं सगळं, वीस मिनिटं, त्यानं वाजवलं. शेवटी हॉल अर्धा रिकामा होता आणि उरलेला हसत होता.

आम्ही बाहेर आलो, तेव्हा दादा पायऱ्यांवर बसले होते. बूट काढून शेजारी ठेवलेले. मिलिंद त्यांच्यासमोर उकिडवा बसला. दादांचा आवाज नेहमीच मोठा. आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू गेलं.

"कानानं नाही आला रे. पायातून आला. पायातून वर आला." त्यांनी छातीवर हात ठेवला. रागावलेले नव्हते. समजावून सांगत होते. "तीस वर्षं हाच आवाज घेऊन जेवलो, हाच घेऊन झोपलो. रविवारी घरी असलो तरी डोक्यात साचे चालूच. मिल बंद झाली, तेव्हा एवढी एकच गोष्ट बरी झाली होती. तो आत्ता कुठं थांबला होता."

मिलिंदला काही बोलायचं तर ओरडावं लागलं असतं.

थोड्या वेळानं त्यानं दादांचे बूट उचलून त्यांच्या पायांत घातले, रिक्षा केली आणि त्यांना घरी पाठवलं. मग आत जाऊन सगळ्या वायरी गुंडाळल्या. मी त्याला म्हणाले, "गोदामात तेव्हा त्यांनी पेटीवर हात ठेवला होता ना, तेव्हा तर…" तो म्हणाला, "तेव्हा ते तो आवाज ओळखत होते. मी समजलो, आवडलं."

ह्यानंतर त्यानं हे सगळं सोडून दिलं असतं, तर मला आश्चर्य वाटलं नसतं. त्यानं मिलच्या सगळ्या टेपा पुसल्या, एकेक करून. पण खोकं ठेवलं. गोदामात आम्ही जातच राहिलो. पावसाळाभर तो एकच आवाज घेऊन बसला होता, इतका बारीक की पंखा बंद केल्याशिवाय ऐकू येत नसे. तो काय शोधतोय ते मला कळत नव्हतं आणि मी विचारतही नव्हते. माझं शेवटचं वर्ष होतं. घरी स्थळं बघायला सुरुवात झाली होती. खरं सांगायचं तर दिवसातले ते दोन तास सोडले, तर मला बाकी कशातच रस नव्हता.

थंडीत दादा आजारी पडले. खोकला जुनाच, रुईच्या धुळीचा, तो छातीत बसला. सरकारी दवाखान्यात मी दोनदा भेटायला गेले. दुसऱ्या वेळेला मिलिंद पलंगाशेजारी स्टुलावर बसला होता आणि उशीजवळ रुमालाखाली काहीतरी होतं. रुमाल हलला, तेव्हा मला टेपरेकॉर्डरची फिरणारी चाकं दिसली. दादा झोपले होते. त्यांचा श्वास करवतीसारखा येत-जात होता. मिलिंदनं माझ्याकडं पाहिलं आणि रुमाल सारखा केला. मी मोसंबी ठेवून निघून आले.

आठवड्याभरात दादा गेले. मिलमधली जुनी माणसं आली होती. ती आपसात हातांनी बोलत होती, त्यामुळं एवढी गर्दी असून अंगणात फारसा आवाजच नव्हता.

महिन्यानं मिलिंदचा निरोप आला, ये. मी गेले. गोदाम थंड होतं. त्यानं दाढी केली नव्हती, पण डोळ्यांत एक प्रकारची तकाकी होती. मला बसवलं आणि टेप लावली. श्वास होता तो. अर्ध्या वेगानं केलेला, लांबलचक, आत जाताना कण्हणारा. मधूनच खोकल्याची उबळ, ती ह्या वेगात एखादी भिंत कोसळल्यासारखी वाटत होती. तीन-चार मिनिटं मी ऐकलं असेल.

"ह्याच्याखाली तुझा तो आवाज हवाय," तो म्हणाला. "पहिल्या दिवशीचा. खालची पट्टी."

"मी नाही वाजवणार," मी म्हणाले.

"का?"

"मिलिंद, ते दादा आहेत."

"म्हणून तर." त्यानं टेप थांबवली नाही. "ते म्हणाले ना, मिलचा आवाज नको. बरोबर होतं त्यांचं. बाकी सगळे आवाज मशीनचे. हा एकच त्यांचा स्वतःचा आहे, वैजू. मी दुसरा कुठून आणू?"

मी एवढंच म्हणाले, "बंद कर." त्यानं बंद केलं नाही. मी माझा की-बोर्ड पिशवीत भरला. माझ्या हातांना घाई झाली होती, वायर गाठी मारून कोंबली. तो बघत होता. पुढं होऊन त्यानं ती पिशवीतून काढली, गाठी सोडवल्या, नीट गुंडाळून मला दिली. दादांचा श्वास चालूच होता. मी दाराबाहेर आले, तेव्हा तो ऐकू यायचा थांबला, गासड्यांमुळं.

त्यानंतर मी गोदामात गेले नाही. माझं लग्न झालं, बँकेत लागले, दोन बदल्या झाल्या. की-बोर्ड भावाच्या मुलींनी खेळून मोडला. मिलिंदबद्दल अधूनमधून कानावर यायचं. दुकान सोडलं. लग्नांत डी.जे.चे स्पीकर लावतो. तेही सोडलं. कुठं असतो, माहीत नाही. एकदा नितीन पुण्याहून आला होता, तो म्हणाला, "आता परदेशात लोक असलं संगीत पैसे देऊन ऐकतात म्हणे. आपलं चुकलंच जरा." मी विषय बदलला.

पुष्कळ वर्षांनी इंदूरला परत बदली झाली. सासूबाईंना ऐकू कमी येत होतं, म्हणून त्यांना पलासियाच्या एका कानाच्या दवाखान्यात घेऊन गेले. तपासणीच्या खोलीत काचेची छोटी केबिन होती, आतून सगळी गादीसारखी मढवलेली. बाहेर यंत्रासमोर पांढऱ्या कोटात एक माणूस बसला होता. केस बारीक कापलेले आणि बहुतेक पिकलेले. त्यानं मान वर न करता विचारलं, "नाव?" मी सासूबाईंचं नाव सांगितलं. आवाज ऐकून त्यानं वर पाहिलं.

"बस," मिलिंद म्हणाला. जसं काही मी काल येऊन गेले होते.

त्यानं सासूबाईंना केबिनमध्ये बसवलं, कानांवर हेडफोन चढवला, आणि अगदी सावकाश, ओठ स्पष्ट हलवत सांगितलं, "आवाज आला की बोट वर करायचं, आई. कितीही बारीक असला तरी." मग काचेबाहेर बसून तो चकत्या फिरवत राहिला. कागदावर खुणा करत राहिला. सासूबाईंचं बोट कधी वर व्हायचं, कधी नाही. तो कधीच घाई करत नव्हता.

"दादांचं कधी तपासलंच नव्हतं," तो हळू म्हणाला. "कुणीच नाही. ह्या कामाचा कोर्स असतो. केला."

"वाजवतोस?"

"नाही. उजव्या कानात शिट्टी आहे आता. सतत."

मी धीर करून विचारलं, "ती टेप?"

"आहे. वर्षातून एकदा फिरवून ठेवतो. नाहीतर बुरशी धरते." कागदावर एक खूण करून म्हणाला, "ऐकत नाही. नुसती फिरवतो."

सासूबाई बाहेर आल्या. तो म्हणाला, "तू पण बस. चाळिशीनंतर एकदा करून घ्यावं." मला नको होतं, तरी मी बसले. केबिनचं जाड दार लागलं आणि बाहेरचा पलासियाचा सगळा गोंगाट एकदम नाहीसा झाला. कानात आधी एक स्वच्छ, गोल आवाज आला. मी बोट वर केलं. मग त्याहून बारीक. बोट वर केलं. मग खूप वरचा, मग खालचा, मग अगदी खालचा. काचेपलीकडं मिलिंदची मान खाली होती, हात यंत्रावर होता. मग बराच वेळ काही आलं नाही. मी कान देऊन बसले. त्यानं मान वर केली होती आणि तो माझ्याकडं बघत होता. मला वाटलं, काहीतरी आहे, फार खाली, घरघर केल्यासारखं. मी बोट वर केलं.

त्यानं हळूच मान हलवली. नाही. मग चकतीवरचा हात उचलून, दोन्ही हात रिकामे करून मला दाखवले.

मी बाहेर आले, तेव्हा तो कागदावर सही करत होता. कागद माझ्या हातात दिला. त्यावर लिहिलं होतं, नॉर्मल. दारात एक म्हातारे गृहस्थ नंबरचा बिल्ला घेऊन उभे होते. मिलिंद त्यांना हात देऊन केबिनकडं घेऊन गेला.